पंडक, विनय आणि विवाहाचा हक्क

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो विरुद्ध भारत सरकार या प्रकरणी निर्णय दिला. तेव्हापासून समलिंगी व्यक्तींच्या विवाहाचा प्रश्न विहारांतील चर्चेतही येऊ लागला आहे. अंबड-घनसावंगी परिसरात वर्षावासातील ग्रंथवाचनानंतर उपासक-उपासिका तो विचारतात आणि त्यास बहुधा दोन ठराविक उत्तरे मिळतात. विनयाने ‘पंडका’स संघप्रवेश नाकारला आहे, म्हणून असा विवाह धम्मविरोधी होय, हे पहिले उत्तर. सोरेय्याच्या कथेवरून त्यास धम्माची संमतीच दिसते, हे दुसरे. दोन्ही पक्ष पालि वाङ्मयाचा आधार घेतात. तो आधार कितपत टिकतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम पंडकाचा विचार करू. महावग्गातील महाखन्धकात पंडकास उपसंपदा देऊ नये, दिली असल्यास त्यास संघातून दूर करावे, असा नियम आहे. अशा एका प्रव्रजितामुळे संघाची लोकनिंदा झाली, हे त्याचे निमित्त. तथापि पंडक म्हणजे आजच्या अर्थाने समलिंगी व्यक्ती, हे समीकरण ग्रंथातून निघत नाही. समन्तपासादिकेत आचार्य बुद्धघोष पंडकाचे पाच प्रकार देतात : आसित्त, उसूय, ओपक्कमिक, पक्ख आणि नपुंसक. यांतील आसित्त हा पुरुषाशी घडणाऱ्या एका विशिष्ट क्रियेनेच ओळखला जातो. म्हणजे आजच्या चर्चेस सर्वांत जवळचा प्रकार तोच. परंतु आसित्त आणि उसूय या दोघांची प्रव्रज्या वारित नाही, उरलेल्या तिघांची वारित आहे, असे अट्ठकथा स्पष्टपणे सांगते. पक्खपंडकासही केवळ त्याच्या त्या पंधरवड्यापुरतीच मनाई आहे, असे कुरुन्दी या प्राचीन अट्ठकथेचे मत तेथेच नोंदविलेले आहे. ज्यांनी पंडकशब्दावर एवढा भार टाकला आहे त्यांनी हा परिच्छेद वाचलेला दिसत नाही.

दुसरा दोष अधिक मूलभूत आहे. संघात कोणास घ्यावे, हा विनयाचा विषय. गृहस्थाने कोणाशी संसार करावा, हा नव्हे. त्याच महाखन्धकात कुष्ठरोगी, अपस्माराचा रोगी, राजाचा सैनिक, दास आणि ऋणी मनुष्य यांनाही प्रव्रज्या देऊ नये असे म्हटले आहे. संघप्रवेशाची मनाई म्हणजे विवाहाची मनाई असे मानावयाचे, तर कर्जबाजारी मनुष्यासही लग्न करता येणार नाही. मराठवाड्यात हा नियम लागू केला तर किती घरांत मंगलकार्य होईल, याचा ज्याचा त्याने विचार करावा. शिवाय स्त्री-पुरुषांच्या सोयरिकी जुळविणे हा भिक्खूसाठी संघादिसेस आपत्तीचा विषय आहे. जो ग्रंथ भिक्खूला विवाहाच्या व्यवहारापासून दूर ठेवतो, त्यातूनच विवाहाचा कायदा काढणे ही पद्धतीची चूक आहे.

आता दुसरा पक्ष. धम्मपदट्ठकथेतील सोरेय्य हा श्रेष्ठिपुत्र महाकच्चान स्थविरांचे रूप पाहून मोहित होतो, त्या विचारासरशी स्त्री होतो, तक्षशिलेस जाऊन संसार करतो, आणि पुढे स्थविरांची क्षमा मागितल्यावर पुन्हा पुरुष होऊन अखेर अर्हत्पद मिळवितो. कथा विलक्षण आहे. परंतु तीत लिंगबदल हा अर्हताविषयी आणलेल्या अनुचित विचाराचा परिणाम म्हणून येतो. तिच्यातून समलिंगी विवाहाची अनुज्ञा काढणे म्हणजे कथेकडून ती न सांगणारी गोष्ट वदवून घेणे होय. हेतू चांगला असला तरी ग्रंथावर अशी बळजोरी करू नये.

मग पालि वाङ्मयातून हाती काय उरते? आमच्या मते दोन गोष्टी. पहिली पाराजिकातील विनीतवत्थूत आहे. एका भिक्खूच्या ठिकाणी स्त्रीलिंग प्रकट झाले, तेव्हा तोच उपाध्याय, तीच उपसंपदा आणि तीच वर्षे कायम ठेवून तिने भिक्खुनींमध्ये राहावे, असा निर्णय देण्यात आला. भिक्खुनीच्या बाबतीत उलट घडले तेव्हाही तसाच. देह बदलला म्हणून मिळविलेली ज्येष्ठता गेली नाही. दुसरी गोष्ट तिसऱ्या शीलाची. मज्झिमनिकायातील सालेय्यक सुत्तात कामांतील मिथ्याचाराची फोड आहे : आई-वडील, भाऊ-बहीण, ज्ञाती यांच्या रक्षणाखालील स्त्री, सपती स्त्री, वाग्दत्ता. येथे दुसऱ्याचा विश्वास मोडणे आणि दुसऱ्याच्या संरक्षणाचा भंग करणे हाच दोष आहे. समलिंगी संबंधाचा तेथे उल्लेख नाही. पालि परंपरेबाहेर वसुबंधूने अभिधर्मकोशभाष्यात अयोग्य अंग, अयोग्य स्थान, अयोग्य काळ यांचाही मिथ्याचारात समावेश केला आहे, हे आम्ही लपवीत नाही. परंतु त्या कसोटीने विवाहित स्त्री-पुरुषांचेही पुष्कळसे वर्तन दोषी ठरते. ती केवळ एका गटास लावता येणार नाही.

ग्रंथ विवाहाची बंदी घालीत नाहीत आणि सनदही देत नाहीत. म्हणून प्रश्न कायद्याकडे येतो. घटनेत विवाहाचा निरपवाद मूलभूत हक्क नाही, याविषयी पाचही न्यायाधीशांचे एकमत झाले. विशेष विवाह कायदा, १९५४ मधील ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ हे शब्द न्यायालयाने बदलले नाहीत. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांनी अशा जोडप्यांच्या सहजीवनास मान्यता व दत्तक घेण्याचा हक्क असावा असे म्हटले, न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह यांच्या बहुमताने ते नाकारले. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विलोकनाच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. नवी विवाहसंस्था निर्माण करणे हे विधिमंडळाचे काम, या बहुमताच्या भूमिकेस वजन आहे. परंतु निर्णय कोणी करावा याचे ते उत्तर आहे. निर्णय काय असावा याचे नव्हे. ते उत्तर नागरिकांच्या मतातून घडावयाचे आहे, आणि म्हणून विहारातील मतासही महत्त्व आहे.

या ठिकाणी महाराष्ट्रातील बौद्धांनी स्वतःचा अनुभव आठवावा. आपले विवाह आजही हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या कलम २ अन्वये मोजले जातात, आणि स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी दीर्घकाळ होत आली आहे. विवाहाचे रूप निर्णयाने बदलता येते, हे १८७३ मध्ये सत्यशोधकांनी आणि १९५६ नंतर आपण कृतीने दाखविले. आपल्या विवाहास शासनाने आपल्या नावाने ओळखावे असे म्हणणाऱ्या समाजाने दुसऱ्याची तीच मागणी हास्यास्पद ठरविणे न्याय्य नाही.

डॉ. आंबेडकरांचे एक उदाहरणही येथे प्रस्तुत आहे. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना दिलेली उत्तरे हा त्याचा विषय होता. कर्वे यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. अशा प्रश्नांना ज्ञानाने उत्तर दिले पाहिजे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. खटला हरला आणि कर्वे यांस २०० रुपये दंड झाला. यावरून ते समलिंगी विवाहाचे पुरस्कर्ते होते असे म्हणता येत नाही. मात्र लोकलज्जा हा कायद्याचा आधार होऊ शकत नाही, ही त्यांची दिशा स्पष्ट आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी सांविधानिक नीतिमत्ता ही प्रयत्नाने जोपासावी लागते असे सांगितले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ चा मर्यादित अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने त्याच कल्पनेचा आधार घेतला.

याच त्रिपिटकाचे पठण करणाऱ्या थायलंडने २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह कायदेशीर केला. त्यासाठी त्या देशाला विनयातील एकही नियम बदलावा लागला नाही, कारण तो विनयाचा विषयच नव्हता.

आपल्या तालुक्यातील दोन उपासिका एकत्र संसाराचा निश्चय करून त्रिशरण-पंचशील ग्रहण करण्यास विहारात आल्या, तर त्यांना दारातून परत पाठविण्यास सांगणारा नियम आम्हांस पालि वाङ्मयात आढळत नाही. सिगालोवाद सुत्तातील परस्पर सन्मान, एकनिष्ठा आणि मिळविलेल्याचे रक्षण ही कर्तव्ये त्यांना तशीच सांगता येतील. नोंदणी कार्यालय मात्र आजही त्यांना नकार देईल. मग रुग्णालयातील संमती, निवृत्तिवेतन आणि वारसा या बाबतींत त्या एकमेकींना परक्या ठरतील. हा अन्याय दूर करणे संसदेच्या हाती आहे. त्याच्या समर्थनार्थ धम्माचे नाव पुढे न करणे आपल्या हाती आहे.