घाटाखालचा कोरकू : एका यादीचे वाचन

कायद्याचा मजकूर वकिलाने वाचायचा आणि कवितेचा समीक्षकाने, अशी वाटणी आपल्याकडे पक्की झाली आहे. पण काही सरकारी याद्या अशा असतात की त्यांतल्या एका शब्दावर हजारो घरांच्या दोन-तीन पिढ्यांचे भवितव्य ठरते. अशा मजकुराचीही समीक्षा व्हायला हवी. म्हणून या लेखात मी ६ सप्टेंबर १९५० चा राष्ट्रपतींचा ‘संविधान (अनुसूचित जमाती) आदेश’ वाचतो आहे. आणि तो अमरावती-अकोल्याच्या बाजूने वाचतो आहे.

संविधान सभेत जयपालसिंग मुंडा ‘आदिवासी’ या शब्दाचा आग्रह धरत होते. डॉ. आंबेडकरांचे म्हणणे असे होते, की हा शब्द सर्वसाधारण आहे, त्याला कायद्यात ठरलेला अर्थ नाही; जमातींची नावे नोंदवलेली यादी असली म्हणजे अर्थ निश्चित होतो. युक्तिवाद म्हणून यात खोट काढता येत नाही. अनुच्छेद ३४२ त्यातूनच आला. प्रश्न उरतो तो यादी करणाऱ्यांनी हा निश्चितपणा कशात शोधला, हा.

आदेशाचा दुसरा परिच्छेद पाहा. यादीतील जमाती अनुसूचित मानाव्यात, पण नेमून दिलेल्या ठिकाणी राहणाऱ्या सभासदांपुरत्याच, असा त्याचा आशय आहे. सगळी मेख या ‘राहणाऱ्या’त आहे. राज्य पुनर्रचनेनंतर १९५६ मध्ये यादी सुधारली गेली, तेव्हा जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडातून आलेल्या विदर्भाच्या वाट्याला सहाच तालुके आले : अमरावती जिल्ह्यातला मेळघाट, चांदा जिल्ह्यातले गडचिरोली आणि सिरोंचा, यवतमाळ जिल्ह्यातले केळापूर, वणी आणि यवतमाळ. अकोला जिल्ह्याचे नावच नाही, आणि तेव्हा वाशीमही अकोल्यातच होते.

याचा अर्थ असा, की मेळघाटातला कोरकू अनुसूचित जमातीचा. तोच घाट उतरून परतवाड्याला किंवा अकोटला स्थायिक झाला की नाही. रक्त तेच, देव तेच, सोयरीक त्याच घरांशी. बदलला फक्त तालुका. वाशीम-पुसदकडच्या आंधांची गोष्ट याहून नवलाची. पैनगंगेपलीकडे परभणी आणि नांदेड हे जिल्हे हैदराबाद संस्थानातून आलेले. तिथे आंध जमात जिल्हाभर अनुसूचित होती. अलीकडच्या काठावर तिला मान्यता नव्हती. लेक नदीपार दिली तर तिची मुले आदिवासी आणि माहेरची भाचरे बिगरआदिवासी, असा हा हिशेब.

आणि पारधी? पारधी, फासे पारधी, टाकणकार ही नावेही याच सहा तालुक्यांच्या यादीत होती. शिकारीमागे आणि पोटामागे वऱ्हाडभर फिरणाऱ्या माणसांना कायदा विचारत होता, की तुम्ही कोणत्या तालुक्याचे रहिवासी?

हे दिल्लीतल्या कारकुनाचे अज्ञान म्हणून सोडून देता येत नाही, कारण मेळघाटाचे वेगळेपण आधीपासून कागदावर होते. १९३५ च्या कायद्यानुसार १९३६ मध्ये इंग्रज सरकारने देशातले काही मुलूख ‘अंशतः वर्जित’ ठरवले, त्यात मेळघाट तालुका होता. या दृष्टीत आदिवासी ही डोंगरात सापडणारी गोष्ट होती. सपाटीवर आला की तो मजूर, सालदार, नाहीतर संशयित. स्वतंत्र भारताच्या यादीने जमातींना मान्यता दिली, हे तिचे मोठे श्रेय; पण मान्यता देताना डोळे जुनेच वापरले.

क्षेत्रबंधन उठवणारा कायदा १९७६ मध्ये झाला आणि २७ जुलै १९७७ पासून लागू झाला. महाराष्ट्रातली अनुसूचित जमातींची लोकसंख्या १९७१ मध्ये सुमारे २९ लाख ५४ हजार होती, ती १९८१ मध्ये ५७ लाख ७२ हजार झाली. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. इथून ‘बोगस आदिवासी’ हा शब्द रूढ होत गेला. त्यात तथ्य नाही असे नाही. विदर्भातल्या विणकर कोष्टी समाजाच्या ‘हलबा’ असल्याच्या दाव्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००० साली मिलिंद प्रकरणात निर्णय दिला : यादी जशी आहे तशीच वाचायची, न्यायालयानेही तीत भर घालायची नाही. खऱ्या आदिवासींच्या जागा जात असतील तर पडताळणी हवीच. पण त्या दुपटीत असेही लोक होते, की ज्यांना आधीच्या यादीने तालुक्याच्या हद्दीबाहेर ठेवले होते. ते नव्याने आदिवासी झाले नव्हते; त्यांची मोजणी तेवढी नव्याने झाली.

माधुरी पाटील प्रकरणातील १९९४ च्या निकालाने पडताळणीला आजचे रूप आले : समिती, दक्षता पथक आणि आप्तभाव चाचणी. तुमचे देव कोणते, लग्न कसे लावता, मयताला काय करता? या उत्तरांचा ताळा शेवटी जुन्या मानववंशवर्णनांशी घातला जातो. मध्य प्रांतापुरते त्यातले मोठे नाव म्हणजे रसेल आणि हिरालाल यांचे १९१६ चे चार खंड. ग्रंथ मोलाचा आहे, पण शतकापूर्वीचा आहे. तीन पिढ्या कापूस वेचण्यात गेलेल्या, घरात वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसाने त्या पानांसारखे दिसावे, ही अपेक्षा ग्रंथावरही अन्याय करते आणि माणसावरही. सर्वोच्च न्यायालयानेच २०२३ मध्ये सांगितले, की आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे.

मग राहतात कागद : कोतवाल बुक, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. १९५० पूर्वीची नोंद सर्वांत भक्कम, हे सूत्र ठीकच आहे. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. १९५० ते १९७७ या काळात अकोट, मूर्तिजापूर किंवा अचलपूरच्या शाळेत कुणा मुलाच्या नावापुढे ‘गोंड’ वा ‘कोरकू’ लिहिले गेले असेल, तर ते लिहून त्याला घटनेतल्या आरक्षणाचा लाभ मिळणार नव्हता. लाभ नसताना केलेली नोंद खोटी असण्याचे कारण काय? ज्या कायद्याने त्या माणसाला वगळले, त्याच कायद्याने त्याच्या कागदाला निरिच्छ साक्षीदाराचे वजन दिले आहे. सपाटीवरची ही सत्तावीस वर्षे पडताळणीत पुरावा म्हणून वेगळ्या नजरेने वाचली पाहिजेत.

क्षेत्रबंधन जमातींच्या यादीतून गेले, पण क्षेत्राच्या यादीत ते आहेच. १९८५ च्या आदेशाने अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्र झाले. अकोल्यातले एकही गाव नाही. पुढे व्याघ्र प्रकल्पासाठी गुल्लरघाट, केलपाणी, धारगड अशी मेळघाटातली गावे अकोट-तेल्हारा तालुक्यांत आणून वसवली. ही माणसे आज अनुसूचित जमातीचीच आहेत. पण अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने दिलेले अधिकार घाटावर राहिले. २०१९ च्या जानेवारीत पुनर्वसित कुटुंबे जंगलात परतली आणि संघर्ष पेटला, तेव्हा चर्चा मोबदला आणि सोयींची झाली. स्थलांतराबरोबर घटनेने दिलेले क्षेत्रही हातचे गेले, हे फारसे कुणी बोलले नाही.

ऑस्ट्रेलियात २०२३ मध्ये मूलनिवासींना राज्यघटनेत स्थान देण्याचा प्रस्ताव सार्वमतात पडला. आपल्याकडे ते स्थान पहिल्या दिवसापासून आहे, आणि याचा अभिमान रास्त आहे. पण स्थान माणसाला दिले की तालुक्याला, हा प्रश्न वऱ्हाडात पुरता सुटलेला नाही. पाचव्या अनुसूचीत राष्ट्रपतींना राज्यपालांशी विचारविनिमय करून अनुसूचित क्षेत्र वाढवता येते. अकोट-तेल्हाऱ्यातली पुनर्वसित गावे त्यात आणायला घटनादुरुस्ती लागत नाही. एक आदेश लागतो, आणि तो या वेळी घाटाखालची माणसे पाहून लिहायला हवा.