रेघांमधले महाराज

तुळजापुरात भवानीमाता शिवाजी महाराजांना तलवार देतानाचं चित्र फ्रेममध्ये मिळतं. महाराज असेच दिसायचे, असा त्याचा दावा नसतो. ते श्रद्धेचं चित्र आहे. डच लेखक फ्रान्स्वा व्हॅलेंटाइनच्या ग्रंथातलं कोरीव चित्र वेगळं. तो ग्रंथ 1724 ते 1726 मध्ये निघाला, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर 44 ते 46 वर्षांनी. वा. सी. बेंद्रे यांनी हे चित्र पुढे आणलं, आणि तोवर महाराजांचा म्हणून चालणारा चेहरा भलत्याच माणसाचा होता, हे लोकांना कळलं.

या चित्रात त्वचा नाही, फक्त रेघा आहेत. तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरायच्या, त्यांत शाई भरायची आणि कागद दाबायचा. रेघा दाट तिथे सावली, विरळ तिथे उजेड.

आज हेच चित्र एआयमधून काढून ‘महाराजांचा खरा चेहरा’ म्हणून फॉरवर्ड होतं. मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून सांगतो: मॉडेल चित्रात नसलेलं शोधून काढत नाही, इतर असंख्य चेहऱ्यांवरून अंदाजानं भरतं. कोरीव चित्रात रेघ संपते तिथे माहितीही संपते, आणि ते आपल्याला दिसतं. एआयच्या गुळगुळीत गालावर ती हद्दच पुसली जाते. म्हणून मला रेघांचा चेहराच जास्त प्रामाणिक वाटतो.