तारुण्य सरल्यानंतरच्या पीटिका : प्रसाधनांच्या भाषेचे एक वाचन

मुरमांना मराठीत एक भारदस्त नाव आहे : तारुण्यपीटिका. हे नाव आजाराचे वय ठरवून टाकते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये ‘मुखदूषिका’ येते. तरुणांच्या तोंडावर उठणाऱ्या, सावरीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्या, असे तिचे वर्णन आहे. उपमा अचूक आहे. काटेसावरीचे खोड जवळून पाहिलेल्या माणसाला ती लगेच पटेल. पण त्या एका वर्णनात दोन निवाडेही आहेत. एक, हा रोग तरुणांचा. दोन, तो मुख दूषित करणारा, म्हणजे रोगापेक्षा कलंक अधिक.

माझ्या घरात या दोन निवाड्यांचे एकच वाक्य झाले होते : “लग्न झालं की जातात.” लग्न झाले, मुलगी झाली, चाळिशी दिसू लागली, पीटिका हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला तशाच राहिल्या, पाळीच्या आधी आठवडाभर हमखास. प्रौढ स्त्रियांत असे होणे मुळीच दुर्मीळ नाही, हे त्वचाविज्ञानाचे कुठलेही पाठ्यपुस्तक सांगेल. भाषेत मात्र त्या स्त्रीसाठी शब्द नाही. जिथे शब्द नसतो तिथे जाहिरात येते. म्हणून प्रसाधनांचा विचार येथे बाजारहाटाचा विषय म्हणून न करता वाचनाचा विषय म्हणून करायचा आहे. डबीची समोरची बाजू, मागची बाजू आणि औषधाच्या दुकानातले तोंडी वाङ्मय, अशा या तीन संहिता आहेत.

समोरच्या बाजूपासून सुरुवात करू. ‘फेअर अँड लव्हली’ 1975 साली बाजारात आली आणि 2020 मध्ये तिचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. मराठी जाहिरातींतही हे स्थित्यंतर दिसते. ‘गोरेपणा’ मागे पडला. ‘उजळपणा’, ‘निखार’, ‘तेज’, ‘नितळ कांती’ हे शब्द पुढे आले. शब्द बदलले, वाक्यरचना तीच राहिली : आधी उणीव, मग उपाय, मग लोकांच्या नजरा. या रचनेचा कणा म्हणजे ‘डाग’ हा शब्द. मराठीत डाग कपड्याला लागतो, भांड्याला पडतो आणि चारित्र्यालाही लागतो. मुरूम गेल्यावर मागे राहणारी तपकिरी खूण ही दाहानंतर साचलेल्या रंगद्रव्याची असते. बहुतेकदा ती काही महिन्यांत आपोआप फिकट होते. तिला ‘डाग’ म्हटले की वाट पाहणे अशक्य होते. डाग घासूनच काढायचा असतो, आणि नाजूक कातडीचे सर्वाधिक नुकसान नेमके या घासण्याने होते.

समोरच्या बाजूवर दुसरा वर्ग शास्त्रीय वाटणाऱ्या विशेषणांचा. ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ या शब्दाचा इतिहास उद्‍बोधक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1975 मध्ये नियम केला की हा शब्द वापरायचा तर माणसांवर चाचण्या करून तो सिद्ध करावा. दोन कंपन्या न्यायालयात गेल्या आणि 1977 मध्ये अपील न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. तेव्हापासून तेथे हा शब्द छापणाऱ्याच्या मर्जीवर आहे. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ची कथा सशाच्या कानापाशी सुरू होते. क्लिगमन आणि मिल्स यांनी 1972 मध्ये प्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरमांचे वर्णन केले. त्या काळी कुठला पदार्थ रंध्रे बुजवतो हे सशाच्या कानाच्या आतल्या कातडीवर तपासत. ती कातडी माणसाच्या चेहऱ्यापेक्षा फार हळवी, आणि शुद्ध पदार्थ लावून काढलेला निष्कर्ष क्रीममधल्या अल्प मात्रेला लागू पडेलच असे नाही. हे शब्द खोटेच असतात असा याचा अर्थ नाही. ते साक्षीदार आहेत, पण त्यांनी शपथ घेतलेली नाही.

तिसरा वर्ग ‘नैसर्गिक’चा. बिब्बा नैसर्गिकच आहे. कातडीवर उततो, फोड आणतो. ‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार जपणाऱ्या भाषेला निसर्ग म्हणजे निरुपद्रवी असे कोणी पटवून द्यावे, याचे आश्चर्य वाटते. लिंबाचा रस दोन ते तीन सामू इतका आम्ल असतो. कातडीचा स्वतःचा सामू पाचच्या आसपास. दाह असलेल्या चेहऱ्यावर लिंबू चोळणे हा स्वस्त उपाय वाटतो, पण त्याची किंमत नंतर चुकवावी लागते. कपाळावरच्या टिकलीच्या गोंदातले एक फिनॉल काही जणींच्या कातडीचा रंगच घालवते, हेही आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवले आहे. कातडीला उगम कळत नाही, रेणू कळतो.

तिसरी संहिता तोंडी आहे आणि सर्वांत धोक्याची. “चेहऱ्याची एखादी चांगली ट्यूब द्या.” हे वाक्य मीही बोलले आहे. मिळालेल्या ट्यूबने आठ दिवसांत चेहरा नितळ झाला, ओळखीच्यांनी विचारपूसही केली. तीन महिन्यांनी ती थांबवली तेव्हा गाल लाल झाले, पाण्यानेही चुरचुरू लागले आणि पूर्वी होत्या त्याहून अधिक पुटकुळ्या उठल्या. ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड होते. तिघांचीही नावे ट्यूबवर छापलेली होती. मी मराठी साहित्य शिकवते, पण ती वाचली नव्हती.

मी एकटी नव्हते. अनेक केंद्रांतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण, म्हणजे 14.8 टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यांपैकी 104 जण ते मुरमांसाठी लावत होते. निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टरांनी सुचवलेले नव्हते. 2018 मध्ये अनेक स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची झाली. पण कायदा लिखित भाषेत असतो आणि व्यवहार तोंडी.

आता डबीची मागची बाजू. समोरची बाजू लग्नपत्रिका असेल, तर मागची सातबारा आहे. आपल्याकडच्या प्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. म्हणजे समोर ज्या फुलाचे चित्र आहे त्याचा अर्क मागे यादीच्या तळाशी, सुगंधाच्या शेजारी असेल, तर पैसे चित्राचे आहेत. अंगाच्या साबणावरचा ‘टीएफएम’चा आकडा हीसुद्धा अशीच नोंद, पण 76 टक्क्यांचा पहिल्या प्रतीचा साबणही अल्कधर्मीच असतो, तेव्हा हळव्या चेहऱ्याला तो नको.

सातबारा वाचू लागले की स्वस्ताई आपोआप येते, कारण गरजेच्या वस्तू थोड्याच निघतात. एक, बिनसुगंधी, सौम्य, साबणविरहित क्लीन्झर, दिवसातून दोनदा. दोन, ग्लिसरीनसारखा साधा घटक यादीत वर असलेले बिनसुगंधी मॉइश्चरायझर. तीन, सनस्क्रीन, डाग गडद होण्यापासून वाचवणारी हीच खरी वस्तू, आणि पैसे घालायचेच तर इथे घालावेत. चार, एकच औषध, तेही डॉक्टरांना विचारून. बेंझॉईल पेरॉक्साइड अडीच टक्क्यांचे लावले तरी दाहयुक्त मुरमांवर दहा टक्क्यांइतकेच काम करते आणि आग कमी करते. उशीचे अभ्रे मात्र त्याने विटतात. अ‍ॅडापलीनसारखी औषधे गरोदरपणात टाळायची असतात. औषधाला आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर उत्तर प्रसाधनांच्या दुकानात नाही, डॉक्टरांकडे आहे.

मेकअपबद्दल आपल्याकडे दोनच सूर असतात : लपवू नकोस, किंवा नीट लपव. तिसराही असू शकतो. हलके, बिनसुगंधी, तेलाचा जाड थर न देणारे फाउंडेशन लावावे, रात्री न रगडता उतरवावे, स्पंज धुवावा. आयर्न ऑक्साइडमुळे रंग आलेले सनस्क्रीन तर झाकणे आणि जपणे ही दोन्ही कामे एकाच किमतीत करते. कुठलीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून पाहावी, आणि एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करावी. नाहीतर कोणी दगा दिला हे कळत नाही.

एक निरीक्षण शेवटी नोंदवते. माझ्या कपाटातल्या पाच वस्तू टेबलावर ओळीने ठेवल्या. त्यांतल्या दोहोंच्या जाहिराती मी मराठीत ऐकल्या आहेत, त्यातली मराठी गोड आहे. घटकांची यादी पाचांपैकी एकीवरही मराठीत नाही, आणि अक्षर भिंगाशिवाय वाचता येत नाही. मोह पाडताना मातृभाषा आणि हिशेब देताना परकी लिपी, ही श्रमविभागणी नीट पाहिली पाहिजे. जिला इंग्रजी येते ती निदान यादी वाचू शकते. माझ्याकडे घरकामाला येणाऱ्या बाईंच्या मुलीच्या हातात तीच ट्यूब आली तेव्हा तिच्याकडे फक्त समोरची बाजू होती. मी तिला तीन नावे देवनागरीत लिहून दिली आणि म्हटले, यांतले एकही नाव दिसले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नकोस. तो कागद तिने मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवला आहे. पुढच्या आठवड्यात तिच्या मैत्रिणीने त्याची नक्कल मागितली.