मूत्रपरीक्षेची विश्वसनीयता : मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संदर्भात एक चिकित्सा

मूत्राशयाच्या कर्करोगाचे निदान केवळ मूत्राच्या परीक्षेने करता येईल काय, हा प्रश्न वैद्यकात जुना आहे. हे अर्बुद बहुधा मूत्राशयाच्या आतील अस्तरातून उद्भवते व मूत्राशी त्याचा अहोरात्र संपर्क असतो. रोगाची काही ना काही खूण मूत्रात उतरली पाहिजे, ही अपेक्षा म्हणूनच स्वाभाविक आहे. निदानाचा आजचा सर्वमान्य मार्ग म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून मूत्राशय आतून पाहणे, अर्थात सिस्टॉस्कोपी. ही तपासणी रुग्णाला नकोशी वाटते, तिला खर्च पडतो, आणि एकदा काढलेला रोग पुनःपुन्हा उद्भवत असल्यामुळे ती वर्षानुवर्षे करवून घ्यावी लागते. तिच्या जागी पेलाभर मूत्रावर भागले, तर कोणाला नको आहे? परंतु या ओढीमुळेच नव्या परीक्षांविषयी लिहिताना ‘विश्वसनीय’ हे विशेषण फार सैलपणे वापरले जाते. त्या विशेषणाची छाननी करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

मूत्रातील पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या पद्धतीला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली ती पापानिकोलाऊ व मार्शल यांच्या १९४५ मधील निबंधामुळे. या पेशीपरीक्षेचे गुणदोष आता चांगलेच परिचित आहेत. उग्र प्रतीच्या अर्बुदाच्या पेशी आकाराने व केंद्रकाच्या रंगाने इतक्या विकृत असतात की जाणकार परीक्षकास त्या सहसा चकवीत नाहीत. अस्तरात सपाट पसरणाऱ्या, पण उग्र अशा ‘कार्सिनोमा इन सिटू’ या अवस्थेत पेशींची परस्परांवरील पकड ढिली झालेली असते. त्या मूत्रात विपुल सुटतात, आणि दुर्बिणीतून सहज न दिसणारा हा रोग पेशीपरीक्षेत पुष्कळदा सापडतो. याउलट सौम्य प्रतीच्या अर्बुदाच्या पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसतात. तेथे परीक्षा हतबल होते, आणि तो दोष परीक्षकाचा नव्हे.

यात आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. रात्रभर साठलेल्या मूत्रात पेशींचा ऱ्हास होतो, म्हणून सकाळचे पहिले मूत्र या परीक्षेस योग्य नसते. असे नमुने प्रयोगशाळेत आले म्हणजे अहवालात ‘संशयास्पद’, ‘अनिश्चित’ असे शेरे वाढतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॅरिस पद्धती’ने या शेऱ्यांना शिस्त लावली. पेशीपरीक्षेचे मुख्य प्रयोजन उग्र प्रतीचा रोग ओळखणे हे आहे, असे तिने स्पष्टपणे मांडले. परीक्षेने आपली मर्यादा स्वतः जाहीर करावी, ही गोष्ट विश्वसनीयतेच्या दृष्टीने मोलाची मानली पाहिजे.

२

पेशीपरीक्षेची उणीव भरून काढण्यासाठी मूत्रातील विशिष्ट प्रथिने किंवा पेशींतील गुणसूत्रांचे दोष शोधणाऱ्या परीक्षा निघाल्या. त्यांपैकी एनएमपी २२ या प्रथिनाच्या परीक्षेवरील एक निबंध येथे मुद्दाम तपासावयाचा आहे. ग्रॉसमन व त्यांचे सहकारी यांनी तो २००५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. धोक्याची कारणे किंवा लक्षणे असलेल्या १३३१ रुग्णांची त्यांनी परीक्षा केली. त्यांपैकी ७९ जणांना कर्करोग असल्याचे ठरले. नव्या परीक्षेने ७९ पैकी ४४ रुग्ण ओळखले, म्हणजे ५५.७ टक्के. ज्या ७६ कर्करुग्णांची पेशीपरीक्षा उपलब्ध होती, त्यांपैकी तिने केवळ १२ ओळखले, म्हणजे १५.८ टक्के. निरोगी व्यक्तीस निरोगी म्हणण्याच्या कामी मात्र क्रम उलटा लागला. पेशीपरीक्षा ९९.२ टक्के प्रसंगी बरोबर होती, नवी परीक्षा ८५.७ टक्के.

रोग्यास रोगी म्हणण्याच्या शक्तीला संवेदनशीलता आणि निरोग्यास निरोगी म्हणण्याच्या शक्तीला विशिष्टता म्हणतात. हा भेद येरुशाल्मी यांनी १९४७ मध्ये क्षकिरणांच्या निदानासंबंधी लिहिताना रूढ केला. आता या दोहोंपैकी ‘विश्वसनीयता’ कोणती? पेशीपरीक्षेचे समर्थक विशिष्टतेकडे बोट दाखवितात आणि नव्या परीक्षेचे समर्थक संवेदनशीलतेकडे. दोघेही खरेच बोलत असतात, पण शब्द एकच वापरीत असल्यामुळे वाचकाची दिशाभूल होते.

३

याहून अधिक घोटाळा तिसऱ्या एका आकड्याने होतो. परीक्षा नकारार्थी आली असता रोग खरोखरच नसण्याचे प्रमाण किती, हा तो आकडा होय. जाहिरातींत आणि माहितीपत्रकांत तोच ठळक छापलेला असतो. वरील निबंधाच्या आधारे तो काढून पाहू. कर्करोग नसलेल्या १२५२ जणांपैकी सुमारे १०७३ जणांना परीक्षेने नकारार्थी उत्तर दिले आणि ३५ कर्करुग्णांनाही तेच दिले. म्हणजे नकारार्थी उत्तर जवळजवळ ९७ टक्के खरे ठरले. आकडा भारदस्त आहे. परंतु कोणतीही परीक्षा न करता, सर्वांना सरसकट ‘तुम्हांस रोग नाही’ असे सांगितले असते, तरी ते विधान ९४ टक्के खरे ठरले असते, कारण १३३१ पैकी १२५२ जणांना रोग नव्हताच. परीक्षेची स्वतःची कमाई या दोहोंतील तीन टक्क्यांच्या अंतराएवढीच. किंबहुना एकूण बरोबर उत्तरांचीच मोजणी केली, तर परीक्षेची अशी उत्तरे सुमारे १११७ भरतात, आणि डोळे मिटून ‘नाही’ म्हणणाऱ्याची १२५२!

हेच गणित निरोगी लोकसमुदायास लावून पाहावे. समजा, दहा हजार व्यक्तींत वीस जणांना रोग आहे आणि परीक्षेची शक्ती तितकीच आहे. अशा वेळी ती सुमारे ११ रोगी शोधील, ९ गमावील, आणि १४०० हून अधिक निरोगी माणसांना विनाकारण दुर्बिणीकडे पाठवील. तरीही तिचे नकारार्थी उत्तर ९९.९ टक्के खरे असल्याचे तिच्या समर्थकास अभिमानाने सांगता येईल. रोग जितका विरळ, तितका हा आकडा फुगतो. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवांच्या कार्यदलाने २०११ मध्ये लक्षणे नसलेल्या प्रौढांच्या चाळणी-तपासणीबाबत पुरावा अपुरा असल्याचा निर्णय दिला, तो या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा.

येथे मूळ निबंधकारांना न्याय दिला पाहिजे. दुर्बिणीऐवजी ही परीक्षा वापरा, असे त्यांनी म्हटलेले नाही. दुर्बिणीस जोड म्हणून तिचा उपयोग आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता, आणि त्यास आधारही होता. पहिल्या दुर्बिणतपासणीत न दिसलेले चार कर्करोग या परीक्षेने सूचित केले, आणि त्यांतील तीन मूत्राशयाच्या स्नायूत शिरलेले होते. ‘जोड’ या शब्दाच्या जागी ‘पर्याय’ हा शब्द नंतरच्या वापरात घुसतो, आणि आमचा आक्षेप या अदलाबदलीवर आहे.

४

परीक्षा कोणावर केली, यावरही तिचा आकडा ठरतो. एका बाजूस उघड, मोठ्या अर्बुदाचे रुग्ण आणि दुसऱ्या बाजूस तरुण, धडधाकट स्वयंसेवक घेतले, तर कोणतीही परीक्षा चमकते. रॅन्सोहॉफ व फाइनस्टाइन यांनी १९७८ मध्येच या दोषाकडे लक्ष वेधले होते. प्रत्यक्ष दवाखान्यात कर्करुग्णाच्या रांगेत मूतखड्याचा, मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचा व वाढलेल्या प्रोस्टेटचा रुग्ण उभा असतो. खडा व जंतुसंसर्ग यांमुळे प्रथिनांच्या परीक्षा खोट्याच होकारार्थी येतात. बीटीए या परीक्षेचा प्रकार तर विशेष बोधप्रद आहे. ती ज्या प्रथिनावर आधारलेली आहे, त्याच्याशी साम्य असलेले प्रथिन रक्तातच असल्याने मूत्रात रक्त आले की ती फसते. मूत्रात रक्त येणे हे तर या रोगाचे प्रमुख लक्षण! ज्यांना परीक्षेची गरज, त्यांच्याच बाबतीत ती डळमळते.

उलट बाजूही नोंदविली पाहिजे. परीक्षेचा ‘खोटा’ होकार कोणत्या कसोटीवर खोटा ठरतो? दुर्बिणीच्या. आणि दुर्बिणीलाही सर्व दिसत नाही, हे वर आलेच आहे. इराणमधील गोलेस्तान येथील दीर्घकालीन पाहणीतून २०२० मध्ये असे दिसून आले की, टर्ट या जनुकातील बदल काही रुग्णांच्या मूत्रात निदानापूर्वी दहा वर्षांपर्यंत आढळू शकतात. तेव्हा आज चुकीचे वाटणारे होकारार्थी उत्तर उद्या खरे ठरण्याची शक्यता नाकारता येत नाही. मात्र या शक्यतेचा आधार घेऊन प्रत्येक चुकीला दूरदृष्टी म्हणणे हे शास्त्र नव्हे. तसा दावा करणाऱ्याने त्या रुग्णांचा पुढील अनेक वर्षांचा मागोवा सादर केला पाहिजे.

५

या विवेचनाचा निष्कर्ष असा की, विश्वसनीयता हा एकट्या परीक्षेचा गुण नाही. परीक्षा, रुग्णांचा समूह आणि विचारलेला प्रश्न या तिघांच्या संबंधातून ती सिद्ध होते. उपचार झालेल्या रुग्णात उग्र रोग परतला काय, या प्रश्नास पेशीपरीक्षा मोलाचे उत्तर देते. ‘या माणसास कर्करोग नाहीच काय’ या प्रश्नास तीच परीक्षा उत्तर देऊ शकत नाही. अमेरिकेतील मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिकाही या दिशेने विकसित झालेली दिसते. सूक्ष्म प्रमाणात रक्त आढळलेल्या रुग्णाच्या प्राथमिक तपासणीत या परीक्षा वापरू नयेत, असे तिने २०२० मध्ये सांगितले. २०२५ च्या सुधारणेत मध्यम धोक्याच्या गटातील, दुर्बीण टाळू इच्छिणाऱ्या आणि त्यातील जोखीम समजून घेतलेल्या रुग्णापुरती तिने मोकळीक दिली. सर्वांस एकच माप लावले नाही, हे त्यातील मर्म.

डोळ्यांना दिसेल असे रक्त लघवीतून गेलेल्या रुग्णाची गोष्ट याहून वेगळी आहे. या रोगातील रक्तस्राव वेदनेवाचून होतो व आपोआप थांबतोही. रक्त थांबलेले आणि हाती नकारार्थी अहवाल, असा दुहेरी दिलासा घेऊन रुग्ण घरी जातो. मधल्या महिन्यांत रोग स्नायूत शिरला, तर मूत्राशयच काढण्याची पाळी येऊ शकते. दुर्बिणीची सोय जेथे दूर आहे, तेथे हा मोह रुग्णास व वैद्यास अधिकच होणार. म्हणून परीक्षेच्या अहवालावर ‘नकारार्थी’ एवढाच शब्द छापून थांबू नये. ‘सौम्य प्रतीचा रोग या परीक्षेत बहुधा आढळत नाही, रक्त दिसले असल्यास दुर्बिणीची तपासणी आवश्यक’ एवढे वाक्य त्याखाली असावे. ज्या परीक्षेच्या अहवालात स्वतःच्या मर्यादेचा असा उल्लेख असेल, तिलाच विश्वसनीय म्हणणे उचित होईल.