जादू मिळेल, भाव एकच!

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाच्या अमेरिकन खेळात जादूची तलवार असते. खेळात तलवार असते यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. नवल तलवारीचं नाही. त्या तलवारीला छापील किंमत असते, याचं नवल आहे. 2000 साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीप्रमाणे लांब पात्याची 'प्लस वन' तलवार, म्हणजे जादूच्या तलवारींतली सगळ्यात धाकटी, 2315 सोन्याच्या नाण्यांना पडते. दोन हजार जादूचे, तीनशे उत्तम घडणावळीचे आणि पंधरा मूळ तलवारीचे. ते पंधरा पाहून माझ्यातला बँकेचा कारकून गहिवरला. आमच्या सोनाराच्या पावतीतसुद्धा मजुरी इतकी स्वच्छ दाखवलेली नसते.

ज्यांच्या घरात अजून हा खेळ शिरलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो 1974 साली काढला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो. त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात. आपण नुसतं मास्तर म्हणू. बाकीचे कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर होतात. मास्तर भुयार, राक्षस, खजिना असं काय काय सांगतो, हे काय करणार ते सांगतात आणि जमलं की नाही ते फासे ठरवतात. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. फक्त चिवडा संपतो. हे शेवटचं मी खात्रीनं सांगू शकतो, कारण माझा भाचा आणि त्याची मित्रमंडळी दर रविवारी आमच्याच दिवाणखान्यात भुयार खणतात. पुस्तकं आमच्याकडेच पडून असतात आणि छापील कोष्टक दिसलं की ते वाचल्याशिवाय मला राहवत नाही. सव्वीस वर्षांची नोकरी आहे, काय करणार?

तर मुद्दा असा, की जादूची वस्तू खेळाडूला मिळावी कशी? मास्तरच्या मर्जीनं, फाशांच्या कृपेनं, की रोख पैसे मोजून?

गायगॅक्सच्या 1979च्या 'डंजन मास्टर्स गाईड'मध्ये वस्तूंच्या याद्या होत्या, पण ते पुस्तक मास्तरनं वाचायचं होतं. खेळाडूनं त्यात डोकावणं म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री प्रेसमध्ये शिरण्यासारखं. पुढे किंमतही दिली होती. पण ती वस्तू विकली तर किती येतील याची, दुकानात जाऊन मागायची नव्हे. सढळ हातानं जादू वाटणाऱ्या मास्तरांची तेव्हाही कमी नव्हती. त्यांना 'माँटी हॉल' म्हणत. माँटी हॉल हा अमेरिकन टेलिव्हिजनवर दारामागची बक्षिसं वाटणारा गृहस्थ, आणि 'हॉल' म्हणजे घबाड, अशी ती कोटी. कोटी बरी आहे. आमच्या शाखेतल्या देशमुखांच्या कोट्यांपेक्षा पुष्कळच बरी.

मग 2000 साल उजाडलं आणि खेळात सरळसरळ पगारश्रेणी आली. पाचव्या पातळीच्या माणसाजवळ नऊ हजारांची मालमत्ता असावी, दहाव्याजवळ एकोणपन्नास हजारांची, विसाव्याजवळ सात लाख साठ हजारांची. तलवारीचा दर सूत्रानं काढायचा: दर्जाचा वर्ग करा, दोन हजारांनी गुणा. प्लस टूचे आठ हजार, प्लस थ्रीचे अठरा हजार. पुढे असे राक्षस, की एवढी मालमत्ता अंगावर नसेल तर निभाव लागणं कठीण. म्हणजे ज्याला बक्षीस म्हणत होते तो महागाई भत्ता झाला. किरकोळ जखमा बऱ्या करणारी जादूची कांडी 750 नाण्यांना. तिचे प्रयोग पन्नास. प्रयोगी पंधरा नाणी. डॉक्टर इतके स्वस्त नाहीत. लोकांनी त्या कांड्या जुडीनं घ्यायला सुरुवात केली, कोथिंबिरीसारख्या. 2008च्या चौथ्या आवृत्तीत तर सगळी यादी खेळाडूंच्याच पुस्तकात आली आणि मास्तरला सल्ला मिळाला, की खेळाडूंकडून त्यांना हव्या असलेल्या वस्तूंची यादी मागून घ्या. लग्नाच्या याद्या होतात तशा! मुलाकडच्यांनी लिहून द्यायचं आणि मुलीकडच्यांनी नशिबात होतं म्हणून देत राहायचं.

हे सगळं वाचून मी भाच्याला म्हटलं, "अरे, ही जादू कसली? हा तर ग्राहक भांडार!"

तो म्हणाला, "मामा, मास्तरनं तलवार दिलीच नाही तर?"

आणि इथे मला थांबावं लागलं. जुन्या काळी काही राक्षस असे होते, की साध्या शस्त्रानं त्यांना ओरखडाही उठत नसे. गार्गॉईल म्हणून एक पंखवाला दगडी प्राणी आहे, त्याला निदान प्लस वन पाहिजेच. आता समजा, मास्तर कंजूष आहे. किंवा कंजूष नाही, पण त्याच्या जिवलग मित्राला तीन आठवड्यांत दोन तलवारी सापडल्या आणि योद्धा झालेली मुलगी चार महिने साधं लोखंड घेऊन हिंडते आहे. गार्गॉईल आला की ती बिचारी काय करणार? फासे हातात धरून मांत्रिकाचा पराक्रम पाहणार. दोन बस बदलून आलेली असते ती. तिला जादूचा लोभ नाही. तिला खेळायचं आहे. दरपत्रक हे अशा माणसांसाठी असतं, हे कारकुनाला कुणी शिकवायला नको. साहेबाच्या मर्जीवर बढत्या होत त्या काळात नियमांचं पुस्तक हाच आमचा देव होता.

तरीसुद्धा दरपत्रक मला पटत नाही ते नाहीच. आपल्याकडे पाहा. अर्जुनाला पाशुपतास्त्र काउंटरवर मिळालं नाही. किरात झालेल्या शंकराशी झोंबावं लागलं. कर्णाच्या वासवी शक्तीला किंमत नव्हती असं नाही. चांगली रोख किंमत होती: जन्माची कवचकुंडलं अंगावरून सोलून द्यायची. पण ती कोष्टकात बसणारी नव्हती. शिवाय प्रयोग एकच! अर्जुनासाठी जपून ठेवलेला तो प्रयोग घटोत्कचावर खर्च झाला, हे वाचताना अजून पोटात कालवतं. तीच शक्ती 750 नाण्यांना पन्नास प्रयोगांची मिळती, तर घटोत्कच गेला काय आणि राहिला काय! कर्ण म्हणाला असता, एकोणपन्नास उरलेत.

2014च्या पाचव्या आवृत्तीनं थोडी अक्कल दाखवली. जादूच्या वस्तूंवाचूनही खेळ चालेल असं ठरवलं. भारी वस्तूंशी माणसानं आधी मन जुळवायचं, आणि अशा वस्तू एका वेळी तीनच. हे तीनचं कलम मला सगळ्यांत आवडलं. चौथी हवी तर आधीच्या तिघींपैकी एक सोडा. ज्याला काही सोडावं लागतं त्यालाच आपल्याजवळ काय आहे ते कळतं, निदान लॉकरवाल्यांना तरी कळतं. भावही ऐसपैस दिले: 'दुर्मीळ' वस्तू पाचशे एक ते पाच हजार. मंडईतल्यासारखं, बघून घ्या. पण लोकांना हे कुठलं सोसायला? 2024च्या सुधारित पुस्तकात पुन्हा ठोक आकडे आले: चारशे, चार हजार, चाळीस हजार.

माझं म्हणणं विचाराल तर, जखमेवरचं औषध खुशाल दुकानात मिळावं. आताच्या दरानं पन्नास नाणी पडतात, पडू देत. लढण्यापुरतं शस्त्र योद्ध्याला वेळेवर मिळालंच पाहिजे. त्यात मास्तरनं आढेवेढे घेऊ नयेत. पण ते कुणाचं तरी असावं. कुठून तरी आलेलं असावं.

भाच्याच्या मास्तरला हे कुणी सांगितलं मला ठाऊक नाही. मी भिंतीला टेकून पेपर वाचत होतो, एवढंच. परवाच्या रविवारी त्या मुलीला बुडालेल्या गलबतात एक तलवार मिळाली. टोक मोडलेलं, मुठीवर कुणा तांडेलाच्या बायकोचं नाव कोरलेलं. मांत्रिकानं लगेच पुस्तक उघडलं. "प्लस वन. चारशे येतील."

"ही विकायची नाही," ती म्हणाली. "त्या बाईचं गाव कुठलं?"

मास्तर गडबडला. गाव त्यानं ठरवलेलंच नव्हतं. मी हळूच चिवड्याचा डबा पुढे सरकवला आणि पेपराचं पान उलटलं.