मद्यकुंभावरचे वर्ष कोणाचे?

प्राचीन इजिप्तची सनावळी ठरवताना अभ्यासक फुटक्या मद्यकुंभांचीही साक्ष काढतात. कुंभाच्या खांद्यावर लेखनिक शाईने, हायरॅटिक या झरझर लिहायच्या लिपीत, राज्यवर्ष, आतला माल, द्राक्षमळा आणि मुख्य मळेकऱ्याचे नाव टिपून ठेवी. नोंद कोठारापुरती होती. त्यात राजाची बढाई नाही. म्हणून ती विश्वसनीय. पण नेमकी कशाबद्दल?

तुतानखामुनच्या थडग्यातील कुंभांवर 4, 5 आणि 9 ही वर्षे आढळतात. एकावर मात्र 31 आहे! विशीच्या आत वारलेल्या या राजाने 31 वर्षे राज्य केले, असे कोणी म्हणत नाही. ते वर्ष आमेनहोतेप तिसऱ्याचे मानले जाते. म्हणजे आकडा खापरीवर असला, तरी तो कोणाचा हे ठरते बाहेरच्या पुराव्यावर.

याच आमेनहोतेपच्या मलकटा येथील राजवाड्यातले सुमारे 1,400 कुंभलेख विल्यम हेज यांनी 1951 मध्ये अभ्यासले. त्यांची गर्दी 30, 34 आणि 37 या राज्योत्सवांच्या वर्षांभोवती आहे. केवळ पहिल्या उत्सवाची खापरे हाती लागली असती, तर त्याचे राज्य तिसाव्या वर्षी संपले असे आपण म्हटले असते काय? प्रत्यक्षात तिथे 38 व्या वर्षाचीही नोंद आहे.

हे ध्यानात ठेवून होरेमहेबकडे पाहावे. त्याच्या थडग्यातील 2006-07 च्या उत्खननात 13 आणि 14 व्या वर्षांचे मद्यलेख मिळाले, पुढचे नाहीत. त्यावरून याकोबुस फान डाइक यांनी त्याची कारकीर्द 14 वर्षांच्या आसपास संपवली. पूर्वी ती 27 वर्षांपर्यंत धरली जाई. या लेखांची बाजू भक्कम आहे, कारण मळ्याच्या नावात होरेमहेबचेच नाव येते आणि तुतानखामुनच्या 31 सारखा घोळ इथे उरत नाही. तरीही ते सांगतात एवढेच की, 14 व्या वर्षी त्याच्या मळ्यातले मद्य कुंभात भरले गेले. त्यानंतरचे मद्य नसणे हा अनुमानाचा आधार आहे, नोंद नव्हे.

‘निदान 14’ हे सिद्ध आहे. ‘14च’ हे संभाव्य. हा भेद पुसला, तर त्याच्या आधीच्या राजांची सनावळी सुमारे तेरा वर्षांनी सरकते, आणि तीही मळेकऱ्याने कधीच न दिलेल्या साक्षीवर.