पुढाकार, उपक्रम आणि अभिक्रम

‘इनिशिएटिव्ह’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीत मुख्यतः तीन शब्द योजले जातात : पुढाकार, उपक्रम आणि अभिक्रम. ही विपुलता भाषेच्या समृद्धीचे लक्षण मानण्याचा मोह होतो. वस्तुतः मूळ शब्दातील एक अत्यंत महत्त्वाचा अर्थ या वाटणीत कोणाच्याच पदरी पडलेला नाही.

‘आरंभ’ या अर्थाच्या ‘इनिशियम्’ या लॅटिन शब्दापासून निघालेली ही संज्ञा इंग्रजीत फ्रेंचमधून आली. फ्रेंच राजकारणात तिचा एक नेमका अर्थ होता : कायद्याचा प्रस्ताव प्रथम मांडण्याचा हक्क. १७९१ च्या घटनेने तो केवळ विधिमंडळास दिला. एखादा विषय विचारात घ्यावा, एवढे सुचविणेच राजाच्या हाती उरले. १८१४ च्या सनदेने तो उलट राजाकडे सोपविला आणि १८३० च्या क्रांतीनंतर तो राजाबरोबर दोन्ही सभागृहांनाही मिळाला. म्हणजे सत्ता कोणाची, या वादाचा एक मोठा भाग आरंभ कोणी करावयाचा या प्रश्नाभोवती फिरत होता. स्वित्झर्लंडने १८९१ मध्ये घटनेच्या अंशतः दुरुस्तीपुरता हा हक्क सामान्य मतदारांपर्यंत नेला. तेथे आज १८ महिन्यांत १,००,००० मतदारांच्या सह्या जमविल्यास अशी दुरुस्ती सुचविता येते; १९७७ पूर्वी ५०,००० सह्या पुरत असत. या परंपरेत हा शब्द गुणवाचक नसून अधिकारवाचक आहे.

मराठीतील ‘पुढाकार’ हा ‘पुढारी’ या शब्दाच्या कुळातील. त्यात एक चित्र दडलेले आहे : कोणी तरी पुढे, बाकीचे मागे. त्यामुळे आरंभ करणे आणि नेतृत्व करणे या दोन भिन्न गोष्टी एकमेकींत मिसळतात. ज्याने कामाची सुरुवात केली, पण जो पुढे उभा राहिला नाही, त्याच्याविषयी हा शब्द अडखळत वापरावा लागतो. (बुद्धिबळात मात्र तो चपखल बसतो. पहिली खेळी नेहमी पांढऱ्याची असली, तरी प्रतिपक्षास उत्तर देण्यास भाग पाडणारा पुढाकार काळ्याकडे जाऊ शकतो.)

‘उपक्रम’ या शब्दाचा प्रवास अधिक उद्‌बोधक आहे. संस्कृतात त्याचा एक प्रधान अर्थ ‘आरंभ’ असाच आहे. ग्रंथाचे तात्पर्य ठरविताना उपक्रम आणि उपसंहार ही जोडी प्रथम पाहावी, असा मीमांसकांचा दंडक आहे. आजच्या मराठीत मात्र तो आरंभाचा वाचक न राहता आरंभिलेल्या कार्याचा वाचक झाला आहे : शाळेचा उपक्रम, सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रम. क्रियापदांकडे लक्ष दिल्यास फरक तत्काळ ध्यानी येतो. पुढाकार घेतात, उपक्रम राबवितात. जे राबविले जाते ते पुष्कळदा अन्यत्र कोठे तरी ठरलेले असते. हक्क मात्र बजावला जातो, आणि ‘बजावणे’ हे क्रियापद यांपैकी कोणत्याच शब्दाशी जुळत नाही.

‘अभिक्रम’ हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील चाळिसाव्या श्लोकातला शब्द. शंकराचार्यांच्या भाष्यात त्याचा अर्थ ‘प्रारंभ’ असा दिला आहे. सर्वोदयी लेखनाने त्याला नवे जीवन दिले. शासनाची वाट न पाहता स्वतः आरंभ करण्याची लोकांची शक्ती, हा त्याचा तेथील आशय. तिन्ही शब्दांत हा आशयाच्या सर्वांत निकट जातो. तथापि त्या वर्तुळाबाहेर तो फारसा रुजला नाही, आणि त्याचाही रोख शक्तीवर आहे, अधिकारावर नाही.

हा भेद केवळ कोशकारांपुरता नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने वनहक्कांसाठी जे केले, त्याचे वर्णन ‘ग्रामस्थांचा स्तुत्य उपक्रम’ असे करणे सहज शक्य आहे, आणि ते चुकीचे ठरेल. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या सहाव्या कलमाने वनहक्कांचे स्वरूप व व्याप्ती ठरविण्याची प्रक्रिया सुरू करण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला आहे. मेंढ्याच्या ग्रामसभेने तोच बजावला. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क तिला मिळाला. बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याची मुभा मात्र २०११ मध्ये आली. येथे ‘पुढाकार’ हा शब्दही अपुरा पडतो, कारण सर्वसहमतीने निर्णय घेणाऱ्या सभेत पुढे कोण आणि मागे कोण? ‘उपक्रम’ म्हटले की तर गावाचा हक्क बाजूला सरून एक योजना तेवढी शिल्लक राहते, आणि योजना म्हटली की ती कोणी मंजूर केली, हा प्रश्न मागोमाग येतो.

अशा संदर्भात ‘आरंभाधिकार’ हा शब्द योजून पाहण्यास हरकत नसावी. शाळेच्या वा कार्यालयाच्या व्यवहारात तो शोभणार नाही, आणि जोडणीही काहीशी अवजड आहे. पण ‘बजावणे’ हे क्रियापद त्याच्यापुढे विनातक्रार उभे राहते.